तांब्याची गोळी

माझ्या आईनं चिंचवडहून पाठवलेल्या दिवाळी अंकाला त्यांनी गोळी घातली. खरीखुरी, बंदुकीतून. आधी अंक रात्रभर टबात भिजत घातला, मग त्याच्या पुढेमागे जुन्या जर्मन वर्तमानपत्रांचे भिजलेले गठ्ठे बांधले आणि शनिवारी सकाळी शूटिंग रेंजवर नेऊन त्यावर बार काढला. संध्याकाळी तो लगदा माझ्या दारात आणून ठेवला. मधोमध अंगठा जाईल एवढं भोक होतं.

"मराठी कागद चांगला निघाला," म्हणाले. "गोळी फार सुंदर उघडली याच्यात."

"अहो, मी वाचला नव्हता अजून!"

"मी चाळला होता. विशेष काही नव्हतं."

अशा माणसाच्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. वोल्फ्सबुर्गपासून मोटारीनं अर्ध्यापाऊण तासावरच्या एका गावात त्यांचं घर होतं. वरच्या मजल्यावर मी, खाली ते आणि काकू, आणि त्याच्याही खाली, केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्यांची काडतुसं भरायची जागा. कामावरही ते माझे वरिष्ठ होते. म्हणजे घरी पायाखाली आणि ऑफिसात डोक्यावर, अशी माझी सगळ्या बाजूंनी सोय झालेली होती.

ते मूळचे इचलकरंजीचे. तरुणपणी इथे आले आणि इथलेच झाले. निदान कागदावर तरी. तिशी ओलांडल्यावर त्यांनी शिकारीचा परवाना काढला. त्यासाठी इथे मोठी परीक्षा असते, झाडं, प्राणी, कायदे, कुत्री, सगळं पाठ करावं लागतं, आणि त्यात भलेभले जर्मन आपटतात. हे पहिल्या फटक्यात पास झाले. गंमत अशी, की हा माणूस जन्मात मांस खात नव्हता. मांस सोडा, केकमध्ये अंडं आहे का म्हणून बेकरीवालीला भंडावून सोडायचे. आमच्या महाराष्ट्र मंडळात यावर पुष्कळ चघळणं व्हायचं. खाणाऱ्यानं मारावं हे लोकांना समजत होतं, न खाणाऱ्यानं मारावं हे काही पचत नव्हतं. एकदा गणपतीत त्यांच्याच घरी कुणीतरी तोंडावर विचारलंच.

"हरणं वाढली की कोवळं जंगल खाऊन टाकतात," ते म्हणाले. "म्हणून दरवर्षी ठरावीक मारावीच लागतात, तसा कायदा आहे. कुणीतरी मारणारच. मग ज्याला नीट मारता येतं त्यानं मारावं. तुम्ही जे चिकन खाता ते नीट मारलेलं असतं का, विचारलंय कधी?"

विचारणाऱ्यानं विषय बदलला. पण बदलून जाणार कुठे? दिवाणखान्याच्या खिडकीत तांब्याची छोटी छोटी फुलं ओळीनं मांडलेली होती. चार पाकळ्यांची, चकचकीत, बोराएवढी. एका बाईंनी कौतुकानं एक हातात घेतलं आणि "अय्या, गौरीच्या सजावटीला किती छान दिसेल, कुठून आणलीत?" असं विचारलं. ते खूश झाले. ही फुलं म्हणजे भिजल्या कागदातून काढलेल्या गोळ्या, ही अमक्या वेगानं गेली म्हणून पूर्ण उघडली, ही जरा हळू गेली म्हणून अर्धवट राहिली, ही हरणाच्या बरगडीतून निघून मागच्या मातीत सापडली, असं एकेक सांगायला लागले. बाईंनी फूल खाली ठेवलं आणि हातातल्या मोदकाकडे बघत बसल्या.

मला स्वतःला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांच्या घरात राहून ते न कळणं शक्यच नव्हतं. भाड्याबरोबर व्याख्यानं घ्यावीच लागायची. "काडतूस म्हणजे गोळी नव्हे, बाई," इथून सुरुवात. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं. बुडाला टोपी, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली असते ती गोळी. बाजारात सगळं तयार मिळतं. पण तयार कपडा जसा कुणालाच नीट बसत नाही, तसं तयार काडतूस कुठल्याच बंदुकीला नीट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हे गृहस्थ स्वतः भरायचे. त्याचाही वेगळा सरकारी परवाना. केलरमध्ये टेबलाला घट्ट बसवलेलं एक हातानं दाबायचं प्रेस होतं. त्याचा दांडा खाली आला की खट् असा आवाज व्हायचा आणि तो माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. काकू म्हणायच्या, "बसले जपाला."

आणि त्या जपाचा मंत्र एकच, गोळी कुठली घ्यायची. इकडचं रानातलं हरीण, ज्याला हे लोक रे म्हणतात, ते आपल्या शेळीएवढं. अंगानं हलकं, काडीसारखे पाय. त्याला गावातले बाकीचे शिकारी शिशाची जड गोळी घालायचे. शिसं मऊ, आत जाऊन फुटतं. हरीण पडतं, पण शिशाचा चुरा मांसभर पसरतो आणि खाणाऱ्याच्या पोटात जातो. बरं, चुरा नको म्हणून जड आणि टणक गोळी घेतली, तर एवढ्याशा जनावरात तिला उघडायला वावच मिळत नाही. सुईसारखी आरपार जाते. मग ते बिचारं पळत सुटतं आणि कुठेतरी झुडपात तासभर मरत पडतं. तांब्याची गोळी फुटत नाही, तिच्या पाकळ्या उघडतात, चुरा होत नाही. मात्र पाकळ्या उघडायला वेग लागतो. वेग हवा तर वजन उतरवा. पण फार उतरवलं तर लांबवर तिचा जोर राहत नाही. या सगळ्या ओढाताणीतून त्यांनी एक हलकी तांब्याची गोळी निवडली होती, आणि ती निवडायला त्यांना काही वर्षं लागली होती. लोक जावई निवडायला एवढा वेळ घेत नाहीत. त्यांनी तर नव्हताच घेतला.

"वजन म्हणजे ताकद नव्हे," हे त्यांचं लाडकं वाक्य. "वजन, बांधणी आणि वेग, तिन्ही जुळलं पाहिजे. हरणाला कळतासुद्धा कामा नये. गेनाऊ, अगदी नेमकं तेच, कळतासुद्धा कामा नये."

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांनी हा नियम कधी लावला नाही. माणसांना कळावं, चांगलं कळावं, अशीच त्यांची नेमबाजी. माझं पहिलं मोठं प्रेझेंटेशन संपल्यावर भरल्या मीटिंगमध्ये, जर्मन भाषेत, ते म्हणाले, "बाईंच्या मुद्द्यांना वजन आहे, बांधणी नाही. आत जाऊन चुरा होतो." सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला नंतर कळलं, पण आजही कुणासमोर बोलायला उभी राहिले की आधी ते वाक्य आठवतं.

आणि हा माणूस स्वतःची चूक म्हणून कधी कबूल करायचा नाही. ट्रेन चुकली तर वेळापत्रक चुकलेलं. भाजी करपली तर शेगडी खराब. मुलगी उंटरश्लाइसहाइमला असते, तिच्या बाळाच्या बारशाला हे गेले नाहीत, कारण त्याच शनिवारी रानात माचाणाच्या शिड्या दुरुस्त करायच्या होत्या. पुढे दोन वर्षं ती फोनवर फक्त आईशी बोलायची, बापाशी बोलायची वेळ आलीच तर जर्मनमध्ये बोलायची. त्यावर यांचं म्हणणं काय, तर बारशाची तारीख चुकीची काढली.

त्या शिड्या कुणाच्या, ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

इथे परवाना मिळाला म्हणून वाटेल त्या रानात शिकार करता येत नाही. गावच्या जमीनमालकांकडून रान करारानं घ्यावं लागतं. त्याला पाख्त म्हणतात. ज्याच्या नावावर पाख्त, तो त्या रानाचा राजा. बाकीचे त्याच्या परवानगीच्या चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी दर एप्रिलला नवी मागायची. आमच्या गावचा पाख्त एका म्हाताऱ्याच्या नावावर होता. मोठा शेतकरी, लाल गाल, ढगळ हिरवी विजार, बोलायला गोड. आमच्या गृहस्थांचं नाव चार अक्षरी. त्याचं एक अक्षर चुकलं तर ते ऑफिसात ईमेल परत पाठवायचे. म्हाताऱ्यानं त्या नावाचं पहिलंच अक्षर काय ते ठेवलं होतं, आणि त्या एका अक्षराच्या हाकेला हे धावत जायचे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हाताऱ्यानं त्यांना शब्द दिला होता. पुढच्या वेळी करार नवा होईल तेव्हा माझ्या शेजारी तुझं नाव. त्या एका वाक्यावर हा माणूस कितीतरी वर्षं जगला. गवत कापायच्या आधी शेतात फिरून हरणांची पिल्लं उचलून बाजूला ठेवायची, डुकरांनी उकरलेलं कुरण बुजवायचं, माचाणं बांधायची, म्हाताऱ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं, आणायचं. मी एकदा म्हटलं, "अहो, एवढं कशाला? तुमच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे, घर आहे, आता आणखी काय राहिलं?"

"पासपोर्ट ऑफिसात मिळतो," ते म्हणाले. "तो द्यायला त्यांना मी आवडावा लागत नाही. पाख्तात नाव लावायचं तर गावानं हात वर करावे लागतात."

एवढं खरं बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

तांब्याच्या गोळीची म्हाताऱ्यानं आयुष्यभर टिंगल केली. "तांबं पन्हाळीला लावायचं, हरणाला नाही," असं तो म्हणायचा आणि सगळे मान डोलवायचे, हेसुद्धा. मग शिशावर बंदी येणार, येणार म्हणता म्हणता खरंच आली. सप्टेंबरात म्हातारा दारात हजर. आमच्या घरात पोस्टमनसुद्धा उंबऱ्याच्या आत बुटानं येत नाही, हा चिखलाच्या बुटांनी थेट बैठकीत. काकू नुसत्या लादीकडे बघत राहिल्या. म्हाताऱ्याला काडतुसं हवी होती. दुकानातली नकोत, हाताची हवीत.

आता त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी देवाच्या नियमासारखा पाळला होता. आपण भरलेलं काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत जाऊ द्यायचं नाही. परवान्याच्या कोर्सातही तेच शिकवतात. ड्युसेलडॉर्फहून त्यांचा जुना मित्र आला होता, त्यालाही त्यांनी एक काडतूस दिलं नव्हतं. मित्र रुसून गेला तो परत आला नाही. म्हाताऱ्याला मात्र त्यांनी नाही म्हटलं नाही. वयानं मोठा माणूस, आपल्या दारात आलेला, आणि ज्याच्या तोंडी आपलं नाव. त्याला नाही कसं म्हणायचं? दहा खणांची एक प्लास्टिकची डबी भरून दिली.

देताना तीन-तीनदा बजावलं. "ही हलकी आहे. तुझ्या जुन्या जड गोळीला जुळवलेल्या दुर्बिणीतून नेम धरलास तर ही त्या जागी लागणार नाही. आधी रेंजवर जा. तीन गोळ्या झाड, दुर्बीण जुळवून घे, मगच रानात जा."

"या, या," म्हातारा म्हणाला. जर्मन माणूस एकदा या म्हणाला तर तो हो असतो. दोनदा म्हणाला की समजावं, ऐकत नाहीये.

ऑक्टोबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. कुबड्या होत्या, गाडी चालवता येत नव्हती. पण म्हातारा संध्याकाळी माचाणावर बसणार म्हटल्यावर यांना घरी चैन पडेना. "बसता नाही आलं तरी ऐकता येईल," म्हणाले. मग मी त्यांना गाडीतून नेलं आणि शेताच्या कच्च्या रस्त्यावर आम्ही दोघं काचा खाली करून बसलो. मोहरीसारख्या हिरव्या शेताच्या पलीकडे माचाण होतं. अंधारायला लागलं होतं, तेवढ्यात बार झाला.

मी दचकले. ते मात्र डोळे मिटून काहीतरी ऐकत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "पायाला लागली."

"तुम्हाला इथून कसं कळलं?"

"आवाजावरून. छातीला लागली की धप् असं होतं. हे कोरडं होतं, हाडाचं." आणि कुबड्या ओढायला लागले.

म्हातारा खाली उतरून आला होता. "मस्त लागली, पडली असेल झाडीत," म्हणत होता. हे नांगरटीतून कुबड्या रुतवत हरीण उभं होतं त्या जागी गेले, मी टॉर्च धरला. थोडं रक्त, चार केस, आणि हाडाचा एक तुकडा. तो त्यांनी चिमटीत धरून बघितला. आतून पोकळ, कडा धारदार. बरगडी असती तर चपटी असती. पुढचा पाय, अगदी खालून. म्हाताऱ्याला त्यांनी तो दाखवला. आता मागे लागलं तर जनावर जीव तोडून लांब पळतं, म्हणून सकाळपर्यंत थांबून माग काढणारं कुत्रं आणायचं, असा इथला रिवाज आहे. घरी येताना ते गाडीत एकच वाक्य बोलले. "तीन पायांवर उभी असेल ती आता."

सकाळी कुत्रं घेऊन एक बाई आली. शिकाऱ्यांतली मोठी मान असलेली, कमी बोलणारी. कुत्र्यानं तासाभरात ओढ्याकाठच्या चरीत हरीण शोधून काढलं. ती जिवंत होती. वर्षाची असेल नसेल अशी कोवळी मादी. डोकं वर करून आमच्याकडे बघत होती. त्या बाईनं जवळून एक गोळी घालून तिला सोडवलं. मी कोंबडी-मटण खाणाऱ्या घरातली आहे, मला कुणी हळवी म्हणणार नाही, पण त्या दिवशी मी गाडीमागे जाऊन उभी राहिले.

मग त्यांची रीत झाली. म्हाताऱ्यानं टोपी काढली, हिरवी डहाळी तोडून तिच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. गावचे आणखी दोन शिकारी आले होते. सगळे गोल करून उभे राहिले. कुत्र्यावाल्या बाईनं सरळ विचारलं, "हे कसं झालं?"

म्हाताऱ्यानं आमच्या माणसाकडे बोट केलं नाही. नुसती मान त्या दिशेनं वळवली. "घरगुती काडतुसं. तांब्याची. या बंदुकीनं मी आयुष्यभर मारतो आहे, असं कधी झालं नव्हतं."

"नव्या गोळीला दुर्बीण जुळवून घेतली होतीस?"

"नातुर्लिश," म्हातारा म्हणाला. अर्थातच. आणि खिशातून ती डबी काढून सगळ्यांना दाखवली, ही बघा, ही असली काडतुसं.

मी ती डबी बघितली. दहा खण. एक रिकामा, नऊ भरलेले. रेंजवर एक जरी झाडली असती तरी निदान दोन खण रिकामे असायला हवे होते. जो एक रिकामा होता, त्यातली गोळी त्या मादीच्या पायात गेली होती. हे कळायला इंजिनियर असायला नको. कुत्र्यावाली बाईही डबीकडे बघत होती, पण दहा दिली होती हे तिला कुठे माहीत? ते तिघांनाच माहीत होतं. दोघं गप्प होते आणि मी तोंड उघडलं.

"गप्प बस," ते मराठीत म्हणाले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू. "एक अक्षर बोलू नकोस."

आणि मग त्या सगळ्यांना, स्वच्छ जर्मनमध्ये, "हो. चूक माझी असेल. माझीच चूक आहे."

बाईनं कुत्र्याला गाडीत चढवलं.

परत येताना मी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि विचारलं, का? ते समोर बघत होते.

"वडीलधाऱ्या माणसाला चार लोकांत खोटं पाडायचं? त्याच्याच रानात? त्यालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. मी त्याची लाज राखली. तो विसरायचा नाही."

म्हणजे हा हिशेब होता! आपल्याकडे चालतोही तो. आपल्याकडे कुणी "जाऊ दे, चूक माझीच" म्हटलं की समोरच्यानं ओशाळायचं असतं. सगळ्यांना कळतं, याची चूक नव्हती, यानं मोठेपणा घेतला. ज्याची चूक त्याच्यावर त्या वाक्याचं ओझं राहतं. पण इथे "माझी चूक" म्हणजे माझी चूक. ऐकणारा ती जशीच्या तशी उचलून ठेवतो, आणि विषय मिटत नाही, तिथून सुरू होतो. हे मला दोन वर्षांत कळलं होतं. ज्या माणसाला इथे तीस वर्षं झाली, जो ऑफिसात आम्हाला दम द्यायचा की जर्मन माणसासमोर उगाच सॉरी म्हणू नका, लिहून ठेवतात, त्याला ते त्या चरीच्या काठावर आठवलं नाही. नेमकं तिथे त्याच्यातलं इचलकरंजी वर आलं.

काकूंना सगळं मीच सांगितलं. त्या चपात्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "माझ्याशी संसार करताना या माणसानं एकदा चूक कबूल केली नाही. पोरीशी नाही केली. आज आयुष्यात पहिल्यांदा केली, ती न केलेली."

हिवाळाभर ते वाट बघत होते. तसं म्हणाले नाहीत, पण शिकारीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि त्या एप्रिलला करारही नवा व्हायचा होता. गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळीत, जमीनमालकांची सभा होती. त्यांनी हिरवा कोट इस्त्री करून घेतला. काकूंनी आदल्या दिवशी मागच्या गल्लीतल्या जर्मन शेजारणीकडून केकसाठी साचा आणला. बिनअंड्याचा केक. जमला तर गावाला द्यावा म्हणून.

म्हाताऱ्यानं स्वतःच्या शेजारी जावयाचं नाव ठेवलं. जावई ब्राउनश्वाइगला राहतो, वर्षातून दोनदा येतो. सगळे हात वर झाले. सभा संपल्यावर यांनी म्हाताऱ्याला बाहेर गाठलं, तेव्हा तो खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, म्हणाला, "आल्झो, असं बघ, तू स्वतःच सगळ्यांसमोर म्हणालास ना, चूक तुझी होती म्हणून. ज्याची काडतुसं भरवशाची नाहीत त्याचं नाव मी लोकांपुढे कसं ठेवू?" आणि त्या वर्षीची परवानगीची चिठ्ठीही दिली नाही. जरा थांबू या म्हणाला, लोक बोलतात.

हे घरी आले, बूट काढले आणि बूट ठेवायच्या कपाटावर बराच वेळ बसून राहिले. कोट काढला नाही. मी जिन्यात उभी होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस फुटेल, ओरडेल, म्हाताऱ्याच्या नावानं शिव्या घालेल. त्यांनी मला विचारलं, "तुझा दिवाळी अंक आला का गं या वर्षी?"

"तो गेल्या नोव्हेंबरात आला," मी म्हटलं.

"हं," म्हणाले.

काकूंनी केक कापून मला अर्धा दिला. चांगला झाला होता.

मे महिन्यात नरांची शिकार उघडते. पहिल्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, दार वाजलं. मी कचऱ्याचे डबे आत घेत होते म्हणून मीच उघडलं. म्हातारा. तेच बूट, तसाच आत. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"बघ काय आणलंय!" त्यानं त्यांना एकाक्षरी हाक मारली. "तुझी ती नऊ उरली होती ना? फुकट कशाला घालवायची, म्हणून जावई मला रेंजवर घेऊन गेला. तीन झाडली, दुर्बीण जुळवली. आणि काय सांगू, काल पहिलाच नर, जागच्या जागी कोसळला! बार झाला आणि खाली. प्रिमा गोळी आहे. म्हटलं, तुझा वाटा तुला द्यावा. खांदा आहे. गोळी लागली तो."

एवढी वर्षं यानं त्या म्हाताऱ्याच्या माचाणांवर खिळे ठोकले, त्याला दवाखान्यात नेलं, त्याच्याशेजारी बसून शेकड्यांनी संध्याकाळी काढल्या, आणि हा मांस खात नाही हे म्हाताऱ्याला माहीत नव्हतं.

आता तरी, मला वाटलं. आता तरी त्याला विचारा. ऑक्टोबरात नातुर्लिश म्हणाला होतास, मग आता रेंजवर कशाला गेलास? तीच काडतुसं, तोच माणूस, तीच बंदूक. तुमच्या बाजूनं याच्यापेक्षा चांगली साक्ष कोण देणार आहे? तो स्वतःच्या तोंडानं देतोय. फक्त विचारा.

त्यांनी कागद उलगडला. ओट्यावर, काकूंच्या ओट्यावर, ज्यावर जन्मात मांस आलं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या खांद्याच्या भोकात करंगळी घातली. आतून हळूच फिरवली. भोकाच्या कडेनं रक्त साकळलेला काळसर भाग किती आहे ते अंगठ्यानं मोजलं. अगदी थोडा होता.

"किती लांबून?" त्यांनी विचारलं.

"ऐंशी पावलं असतील."

"आणि जागेवरच?"

"जागेवरच. पाय झाडला नाही."

त्यांचा चेहरा बघवेना, इतका उजळला होता. नातवंडाच्या बारशाला गेले असते तर तिथे असा दिसला असता. "बघ," ते मला म्हणाले, मराठीत, "शिसं असतं तर एवढा सगळा भाग फेकावा लागला असता. बघ किती स्वच्छ आहे."

"आणखी आहेत का?" म्हातारा विचारत होता. "आता पाचच उरली."

"थांब," ते म्हणाले आणि केलरच्या जिन्यानं खाली उतरले. एक पाऊल टाकायचं, दुखरा पाय जवळ घ्यायचा, असं करत.

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही. मला त्याचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांचा आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. खालून खट् असा आवाज यायला लागला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ओट्यावरचं मांस कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"वर घेऊन जा," म्हणाल्या. "तू खातेस ना? टाकू नकोस. जनावराचा काय दोष?" मग बादली भरून त्या ओटा पुसायला लागल्या, आणि ओट्यानंतर लादी, म्हाताऱ्याच्या बुटांच्या भोवतीनं.

दुसऱ्या दिवशी मी ते केलं. कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, आई करते तसं. संध्याकाळी वास खाली गेला असणार, कारण जिन्यावर कुबडी नसलेलं, लंगडतं पाऊल वाजलं. ते अर्ध्या जिन्यात थांबले. वर आले नाहीत.

"खाल्लंस?"

"हो."

"दाताखाली काही आलं? कण, चुरा, काही?"

मी नाही म्हटलं. काहीच आलं नव्हतं.

"मग!" ते म्हणाले, आणि समाधानानं खाली गेले.